पासपोर्टवरचा ‘लेट’ आणि इंग्रजीतला हरवलेला ‘तू’

मावशीचा पहिला पासपोर्ट पोस्टाने आला, त्या दिवशी ती फोन न करता थेट घरीच आली. पर्समधून चष्मा काढला, पासपोर्ट उघडला आणि सुरुवातीच्या इंग्रजी मजकुरावर बोट ठेवून म्हणाली, “अगं, हे बघ. आधी लिहिलंय ‘अलाउ द बेअरर टु पास फ्रीली’, म्हणजे मला मोकळेपणाने जाऊ द्या. आणि लगेच पुढे ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’. लेट म्हणजे जाऊ देणे ना? मग विदाउट लेट म्हणजे जाऊ न देता? राष्ट्रपतींच्या नावाने असं कसं लिहितील?”

मावशी मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाली आहे. छापलेला शब्द ती वाचते तो सगळाच्या सगळा. मी कोर्टकचेरीच्या कागदांची इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, तरी माझ्या स्वतःच्या पासपोर्टवरचं ते वाक्य मी कधी इतक्या लक्षपूर्वक वाचलं नव्हतं. तिची शंका अगदी रास्त होती आणि तिचं उत्तर हजार वर्षं मागे जातं.

त्या काळच्या इंग्रजीत दोन निरनिराळी क्रियापदं होती. एकाचा उच्चार साधारण ‘लॅटन’, अर्थ सोडणे, जाऊ देणे. दुसरं ‘लेट्टन’, अर्थ अडवणे, रोखणे. शब्दांची टोकं झिजत गेली आणि दोन्हींचा ‘लेट’ झाला. स्पेलिंग एक, उच्चार एक, अर्थ बरोबर उलट. शेक्सपिअरच्या काळापर्यंत दोन्ही वापरात होते. भुताच्या मागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो की मला जो ‘लेट’ करील त्याचंच मी भूत करीन. अडवील त्याचं, असा अर्थ. पुढे अडवणारा ‘लेट’ मागे पडला, पण ‘लेट ऑर हिंड्रन्स’ या जोडीत तो टिकून राहिला. आपण ‘हाट’ किंवा ‘लत्ता’ एकटा वापरत नाही, पण ‘बाजारहाट’ आणि ‘कपडालत्ता’ रोज म्हणतो, तसंच हे. तेव्हा मावशीच्या पासपोर्टवर लिहिलंय ते ‘विनाअटकाव, विनाअडथळा’. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे पडली की पंच ‘लेट’ पुकारतात, तोही हाच. चेंडूला अडथळा झाला, पुन्हा सर्व्हिस करा. आणि गाडी लेट आहे म्हणतो तो उशीरवाचक ‘लेट’ या अडवणाऱ्या शब्दाचा सख्खा नातलग आहे.

त्याच वाक्यात पुढे ‘अफोर्ड’ आहे. मला वाटलं मावशी तिथेही थांबेल, आणि ती थांबलीच. अफोर्ड म्हणजे परवडणे, हा आजचा अर्थ. इथे तो ‘देणे, पुरवणे’ असा आहे: धारकाला लागेल ती मदत आणि संरक्षण द्यावं.

जुन्या इंग्रजीची भीती लोकांना अनोळखी शब्दांमुळे वाटते. माझ्या अनुभवात त्यांचा त्रास फारसा होत नाही. ‘फॉरसूथ’ दिसला की आपण थबकतो, शब्दकोश उघडतो, ‘खरोखर’ असा अर्थ मिळतो, काम संपतं. फसवतात ते ओळखीचे शब्द. तिथे आपण थबकतच नाही.

‘मीट’ घ्या. आज मीट म्हणजे मांस, पण मुळात मीट म्हणजे अन्न, कुठलंही. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बी धरणाऱ्या वनस्पती आणि झाडांची फळं देतो आणि सांगतो की हे तुम्हाला ‘मीट’ म्हणून असेल. तिथे मांसाचा संबंध नाही. आपल्याकडच्या जुन्या मिठाईच्या दुकानांवर अजून ‘स्वीटमीट मार्ट’ अशी पाटी दिसते. शाकाहारी माणूस ती पाहून बिचकतो, पण पाटी बरोबर आहे. गोड खाणं म्हणजे स्वीटमीट.

‘डिअर’ म्हणजे हरीण. पण जुना अर्थ कुठलाही पशू. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये उंदीर-घुशींना ‘स्मॉल डिअर’ म्हटलंय. हे वाचून इंग्रज मुलाला नवल वाटेल. मराठी वाचकाला वाटायचं कारण नाही, कारण आपला ‘मृग’ अगदी याच वाटेने आलाय. संस्कृतात मृग म्हणजे आधी रानातला कुठलाही पशू. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. मग शिकारीत सगळ्यात जास्त सापडणाऱ्या जनावराने ते नाव स्वतःकडे ओढून घेतलं. हजारो मैलांवरच्या दोन भाषांत एकाच जनावराने हे केलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

‘क्विक’ तर मला फारच जवळचा वाटतो. आज त्याचा अर्थ जलद, जुना अर्थ जिवंत. ख्रिस्ती प्रार्थनेत ‘द क्विक अँड द डेड’ येतं ते ‘जिवंत आणि मेलेले’. पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात ते तो जिवंत चांदीसारखा हलतो म्हणून. नखाखालच्या दुखऱ्या मांसालाही इंग्रजीत ‘क्विक’ म्हणतात. आपण त्याला काय म्हणतो? जिव्हाळी. दोन्ही भाषांनी त्या इवल्याशा जागेला जिवाचंच नाव दिलं. मनाला खोल लागलं की इंग्रज ‘कट टु द क्विक’ म्हणतो आणि आपण ‘जिव्हारी लागलं’ म्हणतो. हा नुसता योगायोग नाही. ‘क्विक’ आणि ‘जीव’ हे एकाच आदिम मुळापासून फुटलेले शब्द आहेत, असं भाषाशास्त्र सांगतं.

आणि ‘वॉन्ट’. बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ इंग्रजीत ‘आय शॅल नॉट वॉन्ट’ अशी संपते. शाळेतल्या इंग्रजीने वाचली तर ‘मला नकोय’ असं काहीतरी हाती लागतं. मराठी बायबल म्हणतं, ‘मला काही उणे पडणार नाही’. वॉन्टचा मूळ अर्थ हाच: उणीव, कमतरता. उणीव असते म्हणून माणूस मागतो, आणि त्यातून आजचा ‘हवं असणे’ हा अर्थ आला. जुना अर्थ आपल्या कोर्टांत अजून चालतो. ‘फॉर वॉन्ट ऑफ एव्हिडन्स’ म्हणजे पुराव्याअभावी.

अशा शब्दांसाठी शब्दकोश बघायचीही एक रीत आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत आज सर्वांत जास्त वापरला जाणारा अर्थ पहिला देतात. ऑक्सफर्डचा मोठा कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम १९२८ साली पुरं झालं, तो मात्र इतिहासाच्या क्रमाने चालतो, जुना अर्थ आधी. जुना मजकूर वाचताना पहिला अर्थ लागला नाही तर वाक्याला दोष देण्याआधी खालचे अर्थ वाचावेत. ‘लेट’सारखा शब्द असेल तर त्याची दुसरी, वेगळी नोंद आहे का तेही पाहावं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. जुन्या इंग्रजीतल्या दोन गोष्टी आजच्या इंग्रज मुलाला सगळ्यात अवघड जातात, आणि त्या दोन्ही मराठीत आपण रोज बोलतो.

पहिली गोष्ट ‘तू’. शाळेत आपण शिकतो की इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नाही, सगळ्यांना ‘यू’. हे आज खरं आहे, पूर्वी नव्हतं. ‘दाउ’ म्हणजे तू. ‘दी’ म्हणजे तुला, जुन्या मराठीतलं ‘तुज’. ‘दाय’ म्हणजे तुझा. ‘यी’ म्हणजे तुम्ही आणि ‘यू’ म्हणजे तुम्हाला. आज जगभर चालणारा ‘यू’ मुळात ‘तुम्हाला’ आहे! एकाच माणसाशी बोलतानाही ‘यू आर’ का म्हणायचं, ‘यू इज’ का नाही, हा प्रश्न पाचवी-सहावीतलं मूल हमखास विचारतं. उत्तर सोपं आहे. तो अनेकवचनी शब्द आहे. सरांशी बोलताना आपण ‘तुम्ही आहात’ म्हणतो, सर एकटे असले तरी. इंग्रजांनी हे आदरार्थी अनेकवचन फ्रेंचांकडून उचललं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि राजदरबारात फ्रेंच आली, त्यानंतरच्या शतकांत मोठ्या माणसाला ‘यी’, ‘यू’ म्हणायची चाल पडली. ‘दाउ’ उरला तो जवळच्यासाठी, लहानासाठी, नोकरासाठी आणि देवासाठी. आपल्याकडे ‘तू’ची जागा नेमकी हीच आहे. विठोबाला कोणी अहो-जाहो करत नाही.

आणि अपमानासाठी. १६०३ साली सर वॉल्टर रॅली या दर्यावर्दी दरबाऱ्यावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजू मांडणारा एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याच्यावर ओरडला, ‘आय दाउ दी, दाउ ट्रेटर!’ इथे ‘दाउ’ हे चक्क क्रियापद केलंय. याचं आजच्या इंग्रजीत भाषांतर करता येत नाही, समजावून सांगावं लागतं. मराठीत एका दमात होतं: ‘तुला मी अरे-तुरेच करणार, फितुरा!’ ज्याने ‘अरे-तुरे’ ऐकलेलं आहे, त्याला त्या न्यायालयात बसलेल्या लोकांना काय वाटलं असेल ते कळतं.

त्याच शतकात पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी उलट टोक धरलं. देवापुढे सगळे सारखे, तर न्यायाधीशालाही ‘दी’ आणि दुकानदारालाही ‘दी’. मोठ्यांना ‘यू’ म्हणायला नकार दिल्याबद्दल त्यांनी मार खाल्ला. बाकीच्या समाजाने भांडण टाळायचा सोपा मार्ग धरला आणि सर्वांनाच ‘यू’ म्हणायला सुरुवात केली. ‘दाउ’ बोलीतून हळूहळू गेला. यॉर्कशरसारख्या भागात अजून थोडा ऐकू येतो, आणि प्रार्थनेत राहिला. त्यामुळे आज इंग्रज माणसाला ‘दाउ’ फार भारदस्त, लांबचा वाटतो. मूळची गोष्ट बरोबर उलट आहे. ‘दाय किंग्डम कम’ हे ‘तुझे राज्य येवो’ आहे, ‘आपले’ नाही. देवाला लेकराने मारलेली ती हाक आहे, आणि ती जवळीक मराठी वाचकाला आपसूक ऐकू येते.

या ‘दाउ’बरोबर येणारी क्रियापदंही बघा. ‘दाउ गोएस्ट’, ‘दाउ हॅस्ट’. तू जातोस, तू आहेस, तू करतोस. दोन्हीकडे शेवटी ‘स’. आठवी-नववीत संस्कृत घेतलेल्यांनी ‘गच्छसि, गच्छति’ आठवावं. ‘गोएस्ट’मधला ‘स’ आणि ‘गच्छसि’मधला ‘सि’ हे भाऊ आहेत, आणि ‘गोएथ’मधला ‘थ’ आणि ‘गच्छति’मधला ‘ति’ हेही भाऊ आहेत. म्हणजे ‘ही गोएथ’ हे ‘तो जातो’, आजचं ‘ही गोज’. ‘हॅथ’ आणि ‘डथ’ म्हणजे आजचे ‘हॅज’ आणि ‘डज’. ‘दाउ’ आणि ‘तू’ हे शब्दही मुळात एकच. घरातलीच माणसं आहेत ही, फार लांब राहायला गेलेली.

दुसरी गोष्ट इथून-तिथून. मराठीत आपण सहज तीन प्रकार करतो: इथे, इकडे, इथून. तसेच तिथे, तिकडे, तिथून आणि कुठे, कुणीकडे, कुठून. आजच्या इंग्रजीत एकच ‘हिअर’ पहिली दोन कामं करतो आणि तिसऱ्यासाठी ‘फ्रॉम’ जोडावा लागतो. जुन्या इंग्रजीत नऊच्या नऊ शब्द होते. हिअर इथे, हिदर इकडे, हेन्स इथून. देअर तिथे, दिदर तिकडे, देन्स तिथून. व्हेअर कुठे, व्हिदर कुणीकडे, व्हेन्स कुठून. हे एकदा मराठीच्या शेजारी ठेवलं की पाठ करायची गरज राहत नाही. ‘हेन्सफोर्थ’ म्हणजे इथून पुढे, शब्दाला शब्द. ‘हिदरटू’ म्हणजे इथवर, आजवर. ‘हेन्स’चा ‘म्हणून’ असा अर्थही होतो, कारण ‘इथून’ निघालं की निष्कर्षापर्यंत पोचता येतं. आपणही ‘यावरून’ म्हणतो.

पण हे ‘हिअर, देअर, व्हेअर’ जेव्हा दुसऱ्या शब्दाला चिकटतात, तेव्हा त्यांच्यातली जागा निघून जाते. माझ्या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. जोडशब्दात हिअर म्हणजे ‘हा’, देअर म्हणजे ‘तो’ आणि व्हेअर म्हणजे ‘जो’ किंवा ‘कोण, काय’. हिअरबाय म्हणजे याद्वारे. देअरइन म्हणजे त्यात. देअरऑफ म्हणजे त्याचा. व्हेअरबाय म्हणजे ज्यायोगे. हिअरइनआफ्टर म्हणजे यात यापुढे. ‘हिअरइनआफ्टर रेफर्ड टु अ‍ॅज द पर्चेसर’ ही ओळ फ्लॅटच्या प्रत्येक करारात असते. तिचा अर्थ इतकाच की या दस्तात यापुढे ज्याला ‘खरेदीदार’ म्हटलं आहे तो. दस्ताच्या शेवटी सहीच्या वर ‘इन विटनेस व्हेअरऑफ’ येतं, म्हणजे ‘ज्याची साक्ष म्हणून’.

मराठी खरेदीखताची भाषा याच साच्यातली आहे. त्यात जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण असं सगळं ‘तदंगभूत वस्तूंसह’ विकलेलं असतं. तत् अधिक अंगभूत. ‘तदनंतर’ म्हणजे देअरआफ्टर, तुकड्याला तुकडा जुळतो. ज्याला ‘तदंगभूत’ कळतं, त्याला ‘देअरटू’ आणि ‘देअरऑफ’ने भरलेलं पान वाचता यायलाच हवं. लोक ते न वाचता सही करतात याचं मला वाईट वाटतं, कारण आयुष्यभराची कमाई त्या कागदावर असते आणि कुलूप दिसतं तितकं मोठं नसतं.

ही किल्ली घेऊन ज्युलिएटकडे जाऊ. सज्जातली ज्युलिएट ‘व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ?’ म्हणते, आणि पुष्कळ जण समजतात की ती ‘रोमिओ, कुठे आहेस तू?’ असं शोधते आहे. व्हेअर म्हणजे ‘काय’, फोर म्हणजे ‘साठी’. व्हेअरफोर म्हणजे कशासाठी, का. ‘रोमिओ, तू रोमिओच का आहेस?’ रोमिओ खाली अंधारात उभा आहे हे तिला ठाऊकच नाही. तिचं दुःख आहे ते त्याच्या नावाचं आणि घराण्याचं, कारण ते वैऱ्याचं आहे. एका शब्दाचा अर्थ चुकला की हे सगळं दुःखच निसटतं. आणि ती ‘दाउ’ म्हणते, हेही विसरू नये.

वेळ सांगणाऱ्या शब्दांना एक खोड आहे: ते सैलावतात. ‘सून’चा मूळ अर्थ ‘लगेच’, आजचा ‘लवकरच’. ‘अनॉन’चं तसंच. ‘प्रेझेंटली’ म्हणजे एकेकाळी तत्काळ, आज इंग्लंडात ‘थोड्या वेळाने’ आणि आपल्याकडे ‘सध्या’. आपलं ‘आत्ता येतो’ किती लांबतं हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा इंग्रजांचं नवल वाटायला नको. किंग जेम्स बायबलमध्ये हेरोदियेची मुलगी राजाकडे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शीर मागते, ते ‘बाय अँड बाय’ आणि ‘इन अ चार्जर’. आजच्या मुलाच्या हाती यातून काहीच लागणार नाही. ‘बाय अँड बाय’ म्हणजे तिथे ‘यथावकाश’ नाही, ‘या क्षणी’. आणि चार्जर म्हणजे तबक. या क्षणी, तबकात. हे कळल्याशिवाय त्या मागणीतली घाई आणि क्रौर्य अंगावर येत नाही.

इंग्लंडात जुने झालेले काही शब्द आपल्याकडे धडधाकट आहेत. पुण्यात शिकायला आलेला मुलगा ‘मेस’ लावतो. मेस म्हणजे मूळ ताटात वाढलेला वाटा. बायबलमध्ये योसेफ भावांना जेवू घालतो, तेव्हा धाकट्या बेंजामिनची ‘मेस’ इतरांच्या पाचपट असते. पुढे एकत्र जेवणाऱ्या मंडळींना मेस म्हणू लागले, सैन्यात ते टिकलं आणि तिथून आपल्याकडे आलं. पसारा हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला, खूप नंतरचा.

तसंच ‘स्टेपनी’. मोटारी नवीन होत्या तेव्हा त्यांच्याबरोबर जादा चाक मिळत नसे. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात टॉमस डेव्हिस नावाच्या माणसाने पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जोडता येईल अशी टायरसकट धाव तयार केली. कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. आज तिकडे सगळे ‘स्पेअर व्हील’ म्हणतात. आपल्याकडे रात्री घाटाखाली टायर बसला, तर पंक्चरवाला टॉर्च मारून पहिला प्रश्न विचारतो, “स्टेपनी आहे का?”